पुस्तक ‘उपलब्ध’ आहे, पण हाती लागत नाही : कॉपीराइटवाल्यांवर किमतीचं बंधन असावं का?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात व्याकरणावरच्या एका जुन्या लेखाच्या मागे होतो. १९६८ साली एका संशोधनपत्रिकेत आलेला, सगळा मिळून ७ पानांचा. शोधल्याबरोबर सापडला. पडद्यावर पहिला परिच्छेद दिसतो, त्याच्या शेवटच्या दोन ओळी फिक्या होत होत पांढऱ्यात विरून जातात आणि खाली चौकट येते : पैसे भरा आणि २४ तास वाचा. उतरवून घ्यायचा नाही, छापायचा नाही. रक्कम एवढी की तेवढ्यात त्याच विषयावरचं एखादं नवं जाडजूड पुस्तक घरी आलं असतं.

लेखक आज हयात नाहीत. हयात होते तेव्हाही त्यांना या लेखाचे पैसे मिळाले नव्हते, कारण संशोधनपत्रिका लेखकाला पैसे देत नाहीत, लेख तपासून देणाऱ्यालाही देत नाहीत. मग हे पैसे कुणाच्या कष्टाचे? मी ते भरले नाहीत. पण त्यानंतर चार दिवस या विषयाचा इतिहास वाचत बसलो आणि त्यात जे सापडलं ते इथे मांडावंसं वाटलं.

पहिला कॉपीराइट कायदा म्हणून ज्याचं नाव घेतात तो ब्रिटनमधला, राणी ॲनच्या काळातला, १७१० चा. त्यात नव्या पुस्तकाला १४ वर्षांचं संरक्षण होतं, आणि लेखक तेव्हा जिवंत असेल तर आणखी १४. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं ते चौथं कलम. पुस्तकाची किंमत अवाजवी वाटली तर कुणीही तक्रार करू शकत होता. कुणाकडे? कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर, मुख्य न्यायाधीश, विद्यापीठांचे कुलगुरू. त्यांनी विक्रेत्याला बोलावून घ्यायचं, किंमत जास्त का ते विचारायचं, पटलं नाही तर स्वतः किंमत ठरवून द्यायची. त्याहून जास्त घेतली तर प्रत्येक प्रतीमागे ५ पौंड दंड, त्यातला अर्धा तक्रार करणाऱ्याला.

म्हणजे हक्क आणि किमतीची जबाबदारी दोन्ही एकाच कागदावर जन्माला आली. १७३९ साली ते कलम काढून टाकलं. हक्क मात्र वाढतच गेला : लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, कित्येक देशांत आता ७०.

माझा प्रश्न साधा आहे. समाजानं एखाद्याला ‘हे फक्त तूच छापशील’ असा हक्क दिला, तर त्या बदल्यात ‘मग लोकांना परवडेल असं ठेव’ एवढं मागणं चूक आहे का? मला वाटतं, चूक नाही. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
सोमवार, रात्री १०.०५

मला तरी यात प्रश्न दिसत नाही. ज्यानं लिहिलं त्याचं ते. त्यानं हस्तलिखित कपाटात ठेवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? त्यानं लिहिलंच नसतं तर? जे मुळात नव्हतं ते कुणीतरी निर्माण केलं आणि त्यामुळेच तो तुमचं देणं लागतो, हे माझ्या पचनी पडत नाही.

किंमत जास्त वाटली तर घेऊ नये. औषधाची गोष्ट वेगळी. तिथे माणूस दगावतो, म्हणून पेटंटच्या कायद्यात सक्तीचा परवाना आहे, म्हणजे हक्कदाराची संमती नसतानाही दुसऱ्याला दिलेली परवानगी. २०१२ साली भारतात कर्करोगाच्या एका औषधासाठी तो दिलाही गेला. पुस्तक न मिळाल्यानं कुणी दगावत नाही.

आणि ‘वाजवी’ ठरवणार कोण? एखाद्यानं १० वर्षं घालून ग्रंथ लिहिला, त्या १० वर्षांचा भाव तुम्ही कसा काढणार?

मुद्रितशोधक
सोमवार, रात्री १०.५०

कपाटातल्या हस्तलिखितावर मी कसलाच हक्क सांगत नाही. लिहिणं, न लिहिणं, जाळून टाकणं, सगळं लेखकाच्या मर्जीचं. मी बोलतोय ते प्रसिद्ध झाल्यानंतरचं.

माझ्या विहिरीचं पाणी मी कितीलाही विकावं. पण शेजाऱ्यानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या घामानं विहीर खणायची नाही असा हुकूम सरकारनं खास माझ्यासाठी काढला असेल, तर पाण्याच्या दराबद्दल गावानं जाब विचारल्यावर मला चिडता येणार नाही. कॉपीराइट हा असला हुकूम आहे. कागद माझा, शाई माझी, यंत्र माझं, तरी त्यावर अमुक शब्द उमटवायचे नाहीत. ही मनाई अमलात आणतात न्यायालयं आणि पोलीस, आणि त्यांचा खर्च तुम्ही-आम्ही भरतो. मनाई सगळ्यांनी सोसायची आणि अटी मात्र एकानंच ठरवायच्या, हे मला खटकतं.

कलमपोटकलम
मंगळवार, सकाळी ८.१५

‘कोण ठरवणार’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो नवा नाही. कायद्यानं त्याची उत्तरं वेळोवेळी दिली आहेत आणि त्यातली काही आजही कायद्यात आहेत.

ब्रिटनचा १९११ चा कायदा घ्या. थोड्याफार फरकानं तो १९१४ पासून भारतातही लागू झाला. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. पण मृत्यूला २५ वर्षं झाली की कुणीही रीतसर सूचना देऊन ते पुस्तक छापू शकत होता. फक्त छापील किमतीच्या १० टक्के रॉयल्टी हक्कदाराला द्यायची. परवानगी मागायची गरज नाही. म्हणजे शेवटची २५ वर्षं हक्कदाराकडे मोबदला उरत होता, मनाई उरत नव्हती. मला ही योजना फार समजूतदार वाटते. पुढे ती गेली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती : लेखकाच्या मृत्यूनंतर हक्कदार पुस्तक पुन्हा छापायला नकार देत असेल आणि त्यामुळे ते लोकांपासून अडून राहिलं असेल, तर प्रिव्ही कौन्सिलकडे (ब्रिटिश साम्राज्यातल्या वरच्या अपील न्यायमंडळाकडे) दाद मागता येत होती.

संगीतात तर हे शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्या निघाल्या तेव्हा अमेरिकेत भीती निर्माण झाली की सगळी गाणी एकाच कंपनीच्या मुठीत जातील. १९०९ च्या कायद्यानं ठरवून दिलं की गाणं एकदा यंत्रावर वाजवायला दिलं की मग दुसरा कुणीही ते तसंच वाजवू शकेल, प्रत्येक प्रतीमागे २ सेंट देऊन. दर कायद्यातच लिहिलेला. गीतकार-संगीतकार त्यानं संपले नाहीत.

आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ३१ आहे : प्रसिद्ध झालेली कृती हक्कदारानं लोकांपासून अडवून धरली तर सक्तीचा परवाना. आणि १९८३ च्या दुरुस्तीनं आलेलं ३२-क आहे, ते थेट किमतीबद्दल बोलतं. ठरलेल्या मुदतीनंतर (विज्ञान-तंत्रज्ञानासाठी ३ वर्षं, कथा-कविता-नाटकासाठी ७, बाकीच्यांसाठी ५) त्या आवृत्तीच्या प्रती इथे मिळत नसतील, किंवा अशा तुलनेच्या पुस्तकांना इथे साधारण जी किंमत पडते तिच्याशी सुसंगत किमतीत ६ महिने विक्रीला नसतील, तर दुसऱ्याला छापण्याचा परवाना मागता येतो. ‘वाजवी’ म्हणजे काय याचं उत्तर त्यातच आहे. लेखकाच्या १० वर्षांचा भाव काढायचाच नाही. शेजारच्या तशाच पुस्तकाची किंमत बघायची.

आता कटू भाग. या क्षेत्रात इतकी वर्षं काढली, पण ३२-क खाली अर्ज घेऊन आलेला माणूस मला भेटलेला नाही. कारण उघड आहे. अर्ज करायचा, नोटीस द्यायची, सुनावणीला थांबायचं, परवाना मिळाला की स्वतः छापायचं, रॉयल्टी भरायची, आणि हे सगळं पाच-पन्नास वाचकांसाठी. तरतूद वाचकाच्या नावानं आहे, पण वाचकाला वापरता येत नाही.

जाता जाता दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्याबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढण्यावरून प्रकाशकांनी केलेल्या दाव्याबद्दल. त्याचा हवाला पुढे कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयानं पुस्तकं महाग आहेत म्हणून फोटोकॉपीला परवानगी दिली नाही. शिकवण्यासाठी प्रती काढण्याची जी सूट कायद्यात आहे तिच्यावर तो निकाल उभा आहे. कॉपीराइट हा काही नैसर्गिक किंवा दैवी हक्क नव्हे, असं मात्र न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

शाईचे डाग
मंगळवार, दुपारी १.३०

धागा कालपासून वाचतेय. मी लेखिका आहे, त्यामुळे मी रोखठोक यांच्या बाजूनं बोलेन असं कुणाला वाटेल. तसं नाही.

माझं एक पुस्तक २००६ साली आलं. पहिली आवृत्ती १००० प्रतींची, ती चार वर्षांत संपली. करारात कलम होतं : पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल आणि १२ महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही तर हक्क लेखिकेकडे परत. मी १२ महिने थांबले, मग पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र टाकलं. त्यावर महिन्याभरात त्यांनी ई-बुक विक्रीला लावलं. किंमत छापील पुस्तकाच्या चौपट. आणि मग उत्तर आलं : ‘पुस्तक उपलब्ध आहे, त्यामुळे सदर कलम लागू होत नाही.’

दरवर्षी मला रॉयल्टीचा ताळेबंद येतो. एकच पान असतं. विक्रीच्या रकान्यात शून्य, शून्य, एका वर्षी १, परत शून्य. ती एक प्रत मीच घेतली होती, आत काय केलंय ते बघायला. जोडाक्षरं फुटली होती, तळटीपा मजकुरात मिसळल्या होत्या.

वाचक विचारत राहतात. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. त्यांना एका ग्रंथालयात प्रत सापडली होती, चौथ्या प्रकरणाची फोटोकॉपी काढू का, असं माझी परवानगी मागत होते. केवढा सज्जनपणा. आणि मला ‘हो’ म्हणायचा अधिकार नव्हता, माझ्याच पुस्तकाला! शेवटी मी त्यांना फोन केला आणि चाळीसेक मिनिटं ते प्रकरण तोंडी सांगितलं. ते लिहून घेत होते, मध्ये मध्ये ‘जरा सावकाश’ म्हणत होते.

लेखकाला पैसे नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. मला हवेतच. पण ती किंमत मला पैसे मिळावेत म्हणून लावलेली नाही, पुस्तक विकलं जावं म्हणूनही नाही. मी हक्क परत मागू नये एवढ्यासाठी ती लावली आहे. ‘लेखकाचा हक्क’ म्हणून जेव्हा किमतीची बाजू घेतली जाते तेव्हा हा लेखक कोण, ते आधी बघा. बहुतेक वेळा त्यानं सही कधीच करून दिलेली असते.

वाचनमात्र
मंगळवार, दुपारी २.१०

शाईचे डाग, चाळीस मिनिटांचा तो फोन वाचून गलबलून आलं. बाकी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, वाचतेय.

पहिली प्रत
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

मी छोटा प्रकाशक आहे. वर जे घडलं ते वाईटच आहे आणि आमच्या धंद्यातल्या माणसानं असं करू नये. पण त्यावरून किमतीवर बंधन आणायचं म्हणाल तर मार कुणाला बसेल ते सांगतो.

गंभीर विषयावरचं पुस्तक मी ३०० प्रती छापतो. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, संपादन, मुखपृष्ठ, हा खर्च ३०० ला तेवढाच आणि ३००० लाही तेवढाच. तो ३०० वर वाटला की प्रतीची किंमत वाढते. वर वितरक आणि विक्रेत्याची सूट. ज्याच्या हजारो प्रती खपतात त्या लोकप्रिय पुस्तकाशेजारी ठेवून माझं पुस्तक ‘अवाजवी’ ठरवलं, तर मी ते छापणारच नाही. ३२-क मधल्या ‘तुलनेच्या पुस्तकां’ची मला भीती वाटते ती यासाठी. दोनशे पानांचं पुस्तक दोनशे पानांच्या पुस्तकासारखं नसतं.

दुसरी गोष्ट स्वस्त आवृत्त्यांची. एकच पाठ्यपुस्तक श्रीमंत देशात महाग आणि गरीब देशात स्वस्त विकलं जातं, ते दोन्ही बाजार वेगळे राहतात म्हणून. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेला एक विद्यार्थी घरच्यांकडून तिथल्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकत होता. प्रकाशक न्यायालयात गेले. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी विद्यार्थ्याच्या बाजूनं निकाल दिला : कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली की पुढची विक्री हक्कदाराला अडवता येत नाही, मग ती छापली कुठेही असो. वाचक म्हणून मला निकाल आवडला. प्रकाशक म्हणून लगेच मनात आलं, की स्वस्त प्रत महागड्या बाजारात परत येणार असेल तर ती स्वस्त ठेवायला कोण धजेल? एका ठिकाणी किंमत दाबली की ती दुसरीकडे वर येते.

अर्धवट प्रबंध
मंगळवार, रात्री ८.००

पहिली प्रत यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा, माझ्या क्षेत्रातून. संशोधनपत्रिका वाचकांना फुकट कराव्यात म्हणून २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून चळवळ चालू आहे. बऱ्याच पत्रिका खुल्या झाल्या. पण पैसे आता लेखकाकडून घेतात. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत खुला लेख छापायचा तर २०२१ मध्ये शुल्क ९५०० युरो होतं. ज्या विद्यापीठाकडे वर्गणी भरायला पैसे नव्हते त्याच्याकडे हे कुठून येणार? आधी आम्हाला वाचता येत नव्हतं, आता छापता येत नाही.

दालन क्रमांक ३
मंगळवार, रात्री ९.३५

ग्रंथालयात काम करते. छापील पुस्तकाचं एक बरं होतं : आम्ही ते एका वाचकाइतक्याच किमतीत विकत घ्यायचो आणि पानं सुटेपर्यंत देत राहायचो. पाठ निघाली तर बांधून घ्यायचो. ई-बुक आम्हाला विकत मिळत नाही, परवाना मिळतो, आणि त्याच्या अटी हक्कदार ठरवतो. २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशकानं अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी नियम केला की एक ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, परत घ्या. २६ वेळा दिलेलं छापील पुस्तक आमच्याकडे नवंच समजतात.

अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला. मागणं अगदी माफक : जे ई-बुक तुम्ही लोकांना विकता ते ग्रंथालयांनाही ‘वाजवी अटींवर’ द्या. किंमत सरकार ठरवणार नव्हतं. प्रकाशकांची संघटना न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द ठरला, कारण कॉपीराइट हा केंद्राचा विषय आणि कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवणं हाच त्या हक्काचा गाभा. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल. पण याचा अर्थ असा की ग्रंथालयाला पुस्तक द्यायला साफ नकार देता येतो, कारण न सांगता. काउंटरवर आलेल्या मुलाला मी काय सांगायचं? पुस्तक आहे, पण आपल्याला देत नाहीत, एवढंच सांगते.

कानांनी वाचणारा
बुधवार, सकाळी ७.०५

मला दिसत नाही. वाचकयंत्रावर धागा ऐकला आणि लिहावंसं वाटलं, कारण तुम्ही सगळे किमतीबद्दल बोलताय आणि आमच्याकडे किमतीपर्यंत गोष्ट पोचायचीच नाही. पैसे हातात घेऊन उभा आहे, पण मला वाचता येईल अशी प्रत कुणी काढतच नाही. आमच्या एखाद्या संस्थेनं ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित प्रत स्वतःच्या खर्चानं काढायची म्हटलं तरी कित्येक देशांत आधी परवानगी लागायची.

२०१३ मध्ये माराकेशला करार झाला. त्यानुसार अशा प्रती परवानगीवाचून काढता येतात आणि दुसऱ्या देशात पाठवताही येतात. त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. आपल्या कायद्यात तर ही सूट २०१२ पासूनच होती. तुमच्या वादासाठी त्यातली एक ओळ महत्त्वाची आहे. देशाला हवं तर ही सूट फक्त अशा कृतींपुरती ठेवता येते ज्या त्या रूपात बाजारात ‘वाजवी अटींवर’ मिळत नाहीत. म्हणजे हक्कदारानं आमच्यासाठी प्रत काढली आणि रास्त ठेवली, तर त्याचा बाजार शाबूत. नाही काढली तर आम्ही काढू. त्याच्यावर कसलीही सक्ती नाही, फक्त त्याला अडवून बसता येत नाही. मला हे न्याय्य वाटतं, आणि मी त्याचा रोज उपयोग करतो.

रोखठोक
बुधवार, सकाळी १०.४५

शाईचे डाग यांचा अनुभव आणि वरचा प्रतिसाद, दोन्ही मी दोनदा वाचले. पहिल्या प्रतिसादात मी ‘लेखक’ आणि ‘हक्कदार’ हे शब्द एकच समजून वापरले, ती चूक मान्य.

पण सरकारी दराबद्दल माझं म्हणणं तसंच आहे, आणि त्याचा पुरावा कलमपोटकलम यांनीच दिला आहे. तो २ सेंटचा दर १९०९ मध्ये ठरला आणि १९७८ उजाडेपर्यंत २ सेंटच राहिला. जवळजवळ ७० वर्षं! दोन महायुद्धं झाली, महागाई कुठल्या कुठे गेली, गाणं लिहिणाऱ्याचा दर तोच. शेवटी बदलला तो पावणेतीन सेंट झाला. ‘गीतकार संपले नाहीत’ असं तुम्ही म्हणालात. ठीक, पण त्या ७० वर्षांत त्यांच्या खिशातून किती गेलं याचा हिशेब कुणी द्यायचा? कायद्यात आकडा लिहिला की तो हलवायला पुन्हा कायदेमंडळ लागतं, आणि गीतकारांसाठी कायदेमंडळ घाईला येत नाही.

मुद्रितशोधक
बुधवार, रात्री ९.१५

तीन दिवसांत माझं मत सरकलं आहे, ते सांगतो.

सोमवारी मी १७१० चं चौथं कलम जसंच्या तसं हवं म्हणत होतो. आता नाही म्हणणार. पहिली प्रत यांच्या ३०० प्रतींचा भाव कुलगुरूंनी ठरवू नये आणि २ सेंट ७० वर्षं गोठू नयेत, दोन्ही पटलं. पुस्तक नवं आहे, छापणारा ते विकायची खटपट करतोय, तोवर किंमत त्याची.

पण विकायची खटपटच जिथे नाही, तिथे ती किंमत नसते. शाईचे डाग यांच्या ई-बुकावरचा आकडा ग्राहकासाठी लिहिलेला नाहीच. माझ्या ७ पानांच्या लेखाचंही तसंच. अशा वेळी ‘महाग आहे’ आणि ‘मिळत नाही’ यांत मला फरक करता येत नाही. म्हणून बंधन असावं ते उपलब्धतेचं, आणि न परवडणारी किंमत हा अनुपलब्धतेचा एक प्रकार धरावा. काही वर्षं कृती अशी पडून राहिली की मनाई आपोआप सुटावी आणि मोबदला राहावा, १९११ च्या त्या २५ वर्षांसारखं. अर्ज, सुनावणी, काही नाही. कानांनी वाचणारा यांनी जे सांगितलं त्याची बांधणी हीच आहे.

मेकॉलेनं १८४१ साली ब्रिटिश संसदेत मुदतवाढीला विरोध करताना कॉपीराइटला लेखकांना इनाम देण्यासाठी वाचकांवर बसवलेला कर म्हटलं होतं. तो कर त्याला मान्य होता, कारण दुसरा मार्ग नाही; पण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त नको. त्या भाषणातला दुसरा इशारा मला जास्त बोचला. हक्क फार ताणला तर सज्जन माणसंही तो पाळणं सोडतील, आणि मग ज्याला खरंच संरक्षण हवं त्या जिवंत लेखकालाही ते मिळणार नाही. आज कुठलीही पीडीएफ मागितली की पाच मिनिटांत येते, आणि पाठवणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. फोटोकॉपीसाठी पत्र लिहून परवानगी मागणारे शिक्षक किती उरलेत?

कलमपोटकलम
बुधवार, रात्री १०.३०

शाईचे डाग, तुम्हाला विचारायचं होतं. करारात मुदत काय लिहिली आहे? मुदतच लिहिली नसेल तर आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे ती ५ वर्षांची धरतात, आणि मग तुमचे हक्क केव्हाच परत आलेले आहेत. एकदा मूळ कागद काढून बघा.

शाईचे डाग
गुरुवार, सकाळी ११.५०

काढला. बारा पानं आहेत, सही करताना मी पहिलं आणि शेवटचं वाचलं होतं. सातव्या पानावर आहे : ‘कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी’. म्हणजे मी गेल्यावरही ६० वर्षं.

कलमपोटकलम
गुरुवार, दुपारी १२.२०

मग ती वाट बंद. पण १९-क आहे. हक्क घेणाऱ्यानं ते पुरेसे वापरले नाहीत आणि त्यात लेखकाचा दोष नसेल, तर तक्रारीवरून चौकशी होऊन हस्तांतरण रद्द करता येतं. हे आता व्यापारी न्यायालयाकडे जातं. युरोपीय संघानंही २०१९ च्या निर्देशात लेखकाला असाच हक्क दिला आहे, वापर न झाल्यास हक्क परत घेण्याचा.

समोरचे म्हणणार, ई-बुक विक्रीला आहे म्हणजे वापर झाला. तुम्हाला दाखवायचं आहे की त्या किमतीत तो वापर ‘पुरेसा’ नाही. शून्याचे ताळेबंद एक पुरावा. पण नुसत्या शून्यावर ते म्हणतील, मागणीच नाही. मागणी होती आणि किमतीपाशी अडली, हे दिसलं पाहिजे. वाचकांची पत्रं ठेवली आहेत का?

शाईचे डाग
गुरुवार, दुपारी १२.४०

सगळी ठेवली आहेत. कागदी एका खोक्यात, ईमेल वेगळ्या कप्प्यात. किती आहेत ते कधी मोजलं नव्हतं, आत्ता खोकं खाली काढलंय. शिक्षकांचं पत्र वरतीच आहे.

रोखठोक
गुरुवार, दुपारी १.१५

सरकारी दराला माझा विरोध कायम आहे. हे प्रकरण मला कराराचं वाटतं आणि करार पाळलाच पाहिजे. यादी करायला मदत हवी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संध्याकाळी मोकळा असतो. तारीख, कुणी मागितली, आणि त्या दिवशी ई-बुकची किंमत काय होती, एवढे तीन रकाने आधी करू.